माळावरचं दगडांचं रिंगण: खाली काय असतं आणि ते कुणी, कशासाठी मांडलं

माळरानावर कधी कधी असं दिसतं की मोठमोठे काळे धोंडे गोल मांडलेत, मधला भाग जरासा फुगलेला, त्यावर बारके गोटे आणि मुरूम पसरलेला, कडेनं तरवड आणि कुसळी माजलेली. गुराखी तिथं टेकतात, शेळ्या वर चढतात, आणि गावात विचारलं तर कुणी सांगतं गवळ्यांचा वाडा होता, कुणी सांगतं पांडवांनी एका रात्रीत केलं, आणि एखादा हळूच सांगतोच की खाली हंडा आहे. आपल्याकडं लेण्या, बारवा, किल्ले यावर भरपूर बोललं जातं, या दगडांवर मात्र लई कमी. म्हणून जरा निवांत लिहितोय, कारण अशी रिंगणं अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेणीपेक्षाही जुनी असू शकतात. अजिंठ्यातलं पहिलं कोरीव काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, आणि विदर्भ, तेलंगणा, उत्तर कर्नाटकातली दगडी वर्तुळं साधारण इसवी सनापूर्वी १००० ते ३०० या काळातली. म्हणजे बहुतेक सगळी सम्राट अशोकाच्या आधीची, ज्या लोकांनी स्वतःबद्दल एक ओळ लिहून ठेवली नाही अशांची.

सोपं करून सांगायचं तर ही थडगी आहेत. लोखंड वापरायला लागलेल्या, शेती पण करणाऱ्या आणि गुरं पण राखणाऱ्या लोकांची. अभ्यासक याला महापाषाण किंवा बृहदश्म संस्कृती म्हणतात, पण म्हणून ते एकच राज्य किंवा एकच जमात होती असं समजू नका, मोठे दगड लावून मेलेल्यांची जागा राखायची ही पद्धत फक्त सारखी, बाकी भांडी, हत्यारं, रिवाज भागाभागानुसार वेगळे. प्रकार पण बरेच. नुसता दगडगोट्यांचा ढीग असेल तर त्याला केर्न म्हणतात, ढिगाभोवती मोठ्या धोंड्यांचं कडं असेल तर शिलावर्तुळ, खाली चार फरश्या उभ्या करून वर झाकण टाकलेली पेटी असेल तर सिस्ट, तीच पेटी जमिनीवर उघडी असेल तर डॉल्मेन, आणि एकटाच उंच उभा केलेला दगड म्हणजे मेनहिर. जिथं जसा दगड तसं काम. कर्नाटक-तेलंगणात ग्रॅनाइटच्या फरश्या निघतात म्हणून तिकडं पेट्या जास्त, नागपूरकडं काळ्या दगडाचे गोलसर धोंडे मिळतात म्हणून तिकडं कडं आणि ढीग जास्त.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तर-पूर्वेला नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी (नाव ऐकून आपलं माहूर वाटेल, पण हे नागपूरजवळचं गाव), टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, आणि वर्धा जिल्ह्यात खैरवाडा. एकट्या जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळं. दक्षिणेला कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातलं हिरेबेनकल, तिथं शेकड्यानं डॉल्मेन टेकडीवर उभे आहेत. तेलंगणात मुडुमल, उंच उभ्या दगडांसाठी प्रसिद्ध. आणि या सगळ्यांच्या मधोमध आपला मराठवाडा. आपल्याकडची बरीचशी जमीन काळ्या दगडाची, पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडं देगलूर, बिलोली आणि वर किनवटकडं ग्रॅनाइट उघडा पडतो, तेलंगणाचाच खडक इकडंपर्यंत पसरलेला. त्यामुळं सगळ्यात आधी कुठं बघायचं असं मला कुणी विचारलं तर मी या पट्ट्याचंच नाव घेईन.

या थडग्यांचा पहिल्यांदा नीट अभ्यास करणाऱ्यांपैकी एकाचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे, आणि हे आपल्याकडं फार कुणाला माहीत नसतं. कॅप्टन मेडोज टेलर. निजामाच्या चाकरीत असलेला इंग्रज अधिकारी. १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडं होता, नळदुर्ग आणि तुळजापूरला त्याचा मुक्काम असायचा. त्याच्या आधी तो सुरपूर संस्थानात होता आणि तिथं भीमेच्या काठी जेवर्गीजवळ त्यानं दगडांचे ढीग खणून बघितले. त्या काळात असे ढीग फोडणारे बाकीचे लोक वस्तू काढायचे आणि मोकळे व्हायचे, यानं मात्र उभा काप घेऊन कुठल्या थरात काय आहे त्याची चित्रं काढली, वर माती किती, मग गोटे किती, मग फरशी, मग हाडं, मग भांडी, असं. त्याला काही ठिकाणी कवट्या धडापासून वेगळ्या मिळाल्या आणि त्यावरून त्यानं नरबळीचा अंदाज बांधला. हा अंदाज आज जसाच्या तसा घेता येत नाही, का ते पुढं येईलच. पण त्याची चित्रं आजही उपयोगी पडतात, दीडशे वर्षांपेक्षा जास्त झाली तरी. पुढं १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं निघालं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्यासाठी त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, दख्खनमधल्या या दगडी थडग्यांवरही त्यांनी काम केलं. त्यामुळं हा विषय मराठवाड्याला परका आहे असं कुणी म्हणू नये.

आता आत काय असतं ते. नागपूरकडच्या एखाद्या मध्यम वर्तुळाचं उदाहरण घेऊ, व्यास समजा १५ मीटर. आधी माळ साफ करून मुरमात उथळ खड्डा घेतलेला, कधी कधी खड्डा नाहीच, सरळ जमिनीवरच मांडणी. त्यात हाडं आणि हाडांशेजारी भांडी. भांडी ओळखू येतात कारण आतून काळी आणि बाहेरून लाल असतात. भट्टीत भांडं पालथं ठेवलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही म्हणून आत काळं पडतं, बाहेरून मोकळी आच लागते म्हणून लाल होतं, एकाच भाजणीत दोन रंग. मग लोखंडाच्या वस्तू: कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, भाल्याची टोकं, घोड्याच्या तोंडातले लगामाचे तुकडे. विदर्भातल्या कुऱ्हाडीची एक खास खूण आहे, पातं दांड्याला घट्ट बसावं म्हणून त्यावर लोखंडाच्या आडव्या पट्ट्या आवळलेल्या असतात. ही कुऱ्हाड म्युझियममध्ये जवळून बघा, पट्टी जिथं पात्याला भिडते तिथं लोहारानं ठोकून ठोकून तिला कसं बसवलंय ते गंजातूनही दिसतं. तांब्याची झाकणं मिळतात, वर टोकाला छोटे पक्षी बसवलेले. लाल अकिकाचे मणी मिळतात, काहींवर पांढऱ्या रेघांची नक्षी. आणि हे सगळं मांडून झालं की वरून काळी माती, गोटे, मुरूम यांची भर, आणि शेवटी भोवतीनं धोंड्यांचं कडं.

या कामाला किती माणसं लागली असतील याचा आपल्या भाषेत हिशोब करून बघू. १५ मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ होतो साधारण ४७ मीटर, म्हणजे मीटर-मीटरचे धोंडे खेटून लावले तर चाळीसच्या वर धोंडे. काळा दगड वजनाला भारी, एक घनमीटरला ३ टनांच्या आसपास, म्हणजे मध्यम धोंडा धरला तरी एकेक टनभर. आतली भर सरासरी अर्धा मीटर जाडीची धरली तर जवळपास ८८ घनमीटर, म्हणजे तीसेक ब्रास. ज्यांनी घराच्या पायाला मुरूम टाकून घेतलाय त्यांना तीस ब्रास म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. हे सगळं टोपल्यांनी, बैलांनी, ओंडक्यांनी आणि माणसांच्या खांद्यांनी, एका माणसासाठी किंवा एका कुटुंबासाठी. त्यामुळं हे घरच्या चार माणसांचं काम नाहीच, सगळी वस्ती कामाला लागल्याशिवाय असं वर्तुळ उभं राहत नाही, कदाचित आजूबाजूच्या वस्त्याही, आणि एवढी माणसं जमली म्हणजे त्यांच्या जेवणाखाण्याची, गुरांच्या चाऱ्याची सोय पण कुणीतरी केली असणार. मरणाच्या दुसऱ्याच दिवशी एवढी तयारी होणं अवघड आहे.

आणि मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. बऱ्याच वर्तुळांत अख्खा सांगाडा नसतो. कवटीचा तुकडा, मांडीचं हाड, काही दात, कधी दोन-तीन माणसांची हाडं एकत्र. काही ठिकाणी अख्खा माणूस झोपवलेला पण मिळालाय, नाही असं नाही, पण निवडक हाडं पुरण्याची पद्धत जास्त. याचा अर्थ असा की माणूस मेल्यावर देह आधी दुसरीकडं कुठंतरी ठेवला, उघड्यावर किंवा तात्पुरता पुरून, मांस गळून गेलं, मग हाडं गोळा केली आणि सगळे जमल्यावर मानानं इथं आणून ठेवली. अभ्यासक याला दुय्यम दफन म्हणतात. म्हणजे निरोप दोनदा. १९४७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला उत्खनन केलं तेव्हा त्यांना फरशीच्या पेट्या तर मिळाल्याच, पण शेजारी काही गोल खड्डेही मिळाले ज्यात पेटी नव्हती, आणि त्यांनी असा तर्क मांडला की देह आधी या खड्ड्यांत उघडा ठेवत असावेत आणि नंतर हाडं वेचून पेटीत नेत असावेत. टेलरला वेगळ्या मिळालेल्या कवट्यांचं उत्तर पण इथंच असू शकतं, हाडं नंतर उचलून आणली तर कवटी धडाला चिकटून येणार नाही, त्यासाठी कुणाची मान कापायची गरज नाही.

या दोन निरोपांच्या मधला काळ हा त्या लोकांसाठी मोठा असणार असं मला मनापासून वाटतं. माणूस मेला पण अजून गेलेला नाही, तो पूर्वज व्हायचाय, आणि पूर्वज आपोआप होत नाही, त्याला तसं करावं लागतं, त्यासाठी वेळ पण लागतो आणि गाव पण लागतं. झारखंडातल्या मुंडा समाजात ही पद्धत अगदी आत्ताआत्तापर्यंत चालत आली, कुळाची एक मोठी शिळा असते आणि त्या कुळातल्या मेलेल्यांच्या अस्थी नंतर सगळे मिळून समारंभानं त्या शिळेखाली नेऊन ठेवतात, मग त्या शिळा कुठं आहेत यावरून हे गाव मुळात कुणाच्या कुळानं वसवलं ते सांगता येतं. म्हणजे दगड हा जमिनीचा दाखला पण होतो. गडचिरोलीतले माडिया लोक मेलेल्यांसाठी दगड उभे करतात. मुंडांचं किंवा माडियांचं आजचं वागणं उचलून तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांवर चिकटवणं बरोबर नाही, पण हाडं नंतर का हलवायची, सगळ्यांनी का जमायचं, दगडच का, या प्रश्नांची उत्तरं माणसं कशी देतात याचा अंदाज त्यातून नक्की येतो.

आणि आपल्या घरात बघा ना. जिवखडा. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन मुलगा चितेभोवती फिरतो, मागून दगडानं मडक्याला भोक पाडतात, पाण्याची धार लागते, आणि ज्या दगडानं भोक पाडलं तोच दगड जपून आणतात. दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव त्या खड्यात आहे असं मानायचं, त्यावर तीळपाणी सोडायचं, दहाव्याला पिंडदान झालं, कावळा शिवला, की तो नदीत सोडायचा. माझ्या आजीच्या वेळी नांदेडला गोदावरीच्या घाटावर काकांनी तो खडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणला होता, मुठीत मावेल एवढा, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला मडक्याची लाल खापरी घासून लागलेली. तो घरात आणू दिला नाही, बाहेर पडवीच्या आढ्याला टांगला, आणि ते दहा दिवस येता-जाता सगळ्यांची नजर तिकडं जायची. आता जिवखड्यापासून लोहयुगातल्या शिलावर्तुळापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही, मी ओढत पण नाही, मध्ये अडीच-तीन हजार वर्षं आहेत आणि कितीतरी धर्म, पंथ, लोक येऊन गेलेत. पण मेलेला माणूस काही काळ दगडात असतो, दगडापाशी त्याला खायला-प्यायला द्यायचं असतं, आणि मग एका ठरलेल्या दिवशी त्याला वाटेला लावायचं असतं, हे समजायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

जुन्या ग्रंथांत पण दगड आणि मरण यांची जोडी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अठराव्या सूक्तात जिवंत माणसांसाठी कुंपण घालण्याची आणि मृत्यूला पर्वतानं झाकून टाकण्याची प्रार्थना आहे. शतपथ ब्राह्मणात मेलेल्यांवर टेकाड कसं रचायचं त्याची चर्चा आहे आणि तिथं म्हटलंय की देवांना मानणारे चौकोनी करतात, पूर्वेकडचे आणि तसले इतर लोक गोल करतात. ते गोलवाले लोक म्हणजे आपलेच दख्खनवाले असं म्हणायला आधार नाही. पण त्या काळात थडग्याच्या आकारावरून आपले कोण आणि परके कोण हे ठरत होतं एवढं मात्र त्यातून कळतं.

आता याच्या आधीचं काय, कारण लोखंडाच्या आधी पण इथं माणसं राहतच होती. पैठणजवळ आपेगाव, ज्ञानेश्वर माउलींचं आपेगाव, तिथं उत्खननात ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायच्या काळातली वस्ती मिळाली. त्याच काळातल्या, अभ्यासक जिला जोर्वे म्हणतात त्या संस्कृतीची मोठी वस्ती पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणली, तिथं मेलेल्यांबद्दल फार बारीक माहिती मिळाली. ते लोक माणसाला घराच्या जमिनीखालीच किंवा अंगणात पुरायचे, डोकं उत्तरेला. लहान लेकरू असेल तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यात लेकरू. मोठा माणूस असेल तर घोट्यापासून पाय तोडून पुरायचे, हे असं का याचं सगळ्यात मान्य उत्तर हे की गेलेल्यानं उठून दुसरीकडं जाऊ नये, घरातच राहावं. इनामगावच्याच एका घरात मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला माणूस मिळाला, त्याचे पाय शाबूत. तो कुणीतरी मानाचा असणार. बसवून पुरणं आपल्या लातूर-धाराशिवकडं लिंगायत समाजात आजही आहे आणि लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात, हे तर सगळ्याच घरांत माहीत आहे.

म्हणजे फरक बघा. ताम्रपाषाण काळात मेलेलं माणूस घरात, चुलीजवळ, पायाखाली. लोखंड आल्यानंतरच्या काळात तेच माणूस वस्तीच्या बाहेर, माळावर, दगडांच्या कड्याच्या आत. विदर्भातली वर्तुळं बहुतेक करून हलक्या, खडकाळ जमिनीवर आहेत, चांगली काळी रानं शेतीला ठेवलेली, आणि नायकुंडसारख्या ठिकाणी वस्ती जवळच मिळाली, तिथंच लोखंड गाळायची भट्टी पण मिळाली. मग मेलेल्यांना घराबाहेर का काढलं? मला पटणारं उत्तर असं की नातं बदललं. घराखाली पुरलं की तो फक्त त्या घराचा राहतो. माळावर सगळ्यांनी धोंडे ओढून ठेवलं की तो सगळ्या वस्तीचा होतो, लांबून दिसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं की ही चराई, हे पाणी कुणाचं आहे. गुरं घेऊन हंगामाप्रमाणं फिरणाऱ्यांना तर परत यायला अशी एखादी कायमची जागा लागतेच. याला शंभर टक्के पुरावा म्हणून बोट दाखवावं असं काही नाही, पण जागा, आकार, मेहनत हे तिन्ही त्याच बाजूला झुकतात.

घोड्याचं पण सांगायला पाहिजे. माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांनी १९७० च्या आसपास केलेल्या उत्खननात घोड्याची हाडं मिळाली आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याचा साज पण मिळाला. हाडांवर कापल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे मालक मेल्यावर घोडा पण मारून सोबत दिला असावा. घोडा पाळणं तेव्हा पण स्वस्त नव्हतं, त्यामुळं घोड्यासकट गेलेला माणूस आणि चार मडक्यांसकट गेलेला माणूस यांच्यात जिवंतपणी पण अंतर असणारच. या डॉ. देवांनीच नंतर आपल्या जालना जिल्ह्यातलं भोकरदनचं उत्खनन पण केलं, डॉ. गुप्ते यांच्यासोबत, १९७३ ला. काही वर्तुळांत तर हाडं मिळतच नाहीत. आपल्या काळ्या मातीत हाड टिकणं तसंही अवघड, उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, हाडाचा चुरा होतो, पण काही रिकामी वर्तुळं खरंच रिकामी असावीत, लांब कुठंतरी मेलेल्या, देह परत न आलेल्या माणसाच्या नावानं फक्त दगड मांडलेले. आपल्या गावोगावच्या वीरगळी आठवा, त्या दगडाखाली पण वीराचा देह असतोच असं नाही.

जुनापाणीला जमलं तर जाच, नागपूरहून काटोल रस्त्याला आहे. तिथल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत, बोटाचं पेर आत बसेल एवढे, ओळीनं किंवा फुलीच्या आकारात. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये यावर लिहिलं आणि युरोपातल्या दगडांवरच्या तशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली, आणि अलीकडं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी मोजणी करून दाखवलं की खळगे असलेले दगड वर्तुळात कुठंही नसतात, मध्यावरून बघितलं तर ठराविक दिशांनाच येतात. म्हणजे दिशा मोजली जात होती, बहुधा आकाश बघून. दगडावर हात फिरवला की खळग्यांचा आतला भाग बाकीच्या दगडापेक्षा मऊ लागतो, घासून घासून केलेला. ब्रह्मगिरीच्या पेट्यांना पूर्वेच्या फरशीत गोल भोक ठेवलेलं असायचं. कुणी म्हणतं आत पुन्हा हाडं ठेवायला, कुणी म्हणतं आत्म्याला वाट म्हणून, मला तर दोन्ही एकाच वेळी खरं असायला काही अडचण दिसत नाही.

आता हंड्याचं. गुप्तधनाच्या नादानं आपल्या भागात अमावस्येला माळावर खड्डे घेतात, लिंबू-कोहळं कापतात, आणि सकाळी रिंगण फुटलेलं असतं. या थडग्यांत मुख्यतः मडकी, गंजलेलं लोखंड आणि मणी असतात, माहुरझरीसारख्या एखाद्या ठिकाणी सोन्याचा बारीक दागिना मिळालाय हे खरं, पण हंडाभर मोहरा असायचा प्रश्नच नाही कारण हे थडगं मांडलं तेव्हा तसली नाणी पाडायची पद्धतच नव्हती. आणि जे खरं मोलाचं असतं ते खणल्याबरोबर संपतं. कुऱ्हाड हाडाच्या डाव्या बाजूला होती की मडक्यावर ठेवलेली, पातं कुठल्या दिशेला होतं, वर काळी माती आधी की गोटे आधी, हे नुसत्या कुऱ्हाडीवरून कधीच कळत नाही. कुऱ्हाड बाहेर आली की ती गंजका तुकडा होते. याच्यापेक्षा मोठा धोका जेसीबीचा आहे, शेततळं, रस्त्याला मुरूम, प्लॉटिंग, अर्ध्या दिवसात माळ सपाट होतो आणि कुणाला कळत पण नाही की काय गेलं. हे बघून खरंच वाईट वाटतं. वाडा पाडला तर निदान फोटो राहतो, या दगडांचा तर कुणी फोटो पण काढलेला नसतो.

कायदा पण माहीत असू द्या. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे, जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. कळवलं तर शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा काय हक्क ते त्या कायद्यातच ठरवून दिलंय, लपवलं तर तो हक्क पण जातो आणि १ वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

माळावर काही दिसलंच तर आधी तीन गोष्टी तपासा. शेतकऱ्यानं रान साफ करून टाकलेला ढीग बहुतेक बांधाला असतो, दगड सुटे, लहान-मोठे, हलवले की हलतात, खाली नांगरटीची माती. मेंढरांचं वाडगं असेल तर मधला भाग रिकामा आणि सपाट, एका बाजूला यायला-जायला वाट, खाली लेंड्यांचं खत. शिलावर्तुळात उलट, मध्य फुगीर, आतली भर बाहेरच्या जमिनीपेक्षा वेगळी, आणि कड्याचे धोंडे निम्मे जमिनीत रुतलेले, त्यावर पांढरट शेवाळाचे जुने डाग. एक सापडलं की आजूबाजूला अजून बघा, बहुतेक वेळा एकटं नसतं.

तसं वाटलं तर काहीही न हलवता मोबाईलवर लोकेशन टाकून ठेवा, चारी दिशांनी फोटो काढा, फोटोत एखादी काठी किंवा माणूस उभा करा म्हणजे आकार कळेल, पावलानं व्यास मोजा, धोंडे मोजा, खळगे आहेत का ते सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा, दुपारी दिसत नाहीत. भोवती काळी-लाल खापरं पडली असतील तर उचलू नका, तिथंच फोटो घ्या. गावातली म्हातारी माणसं त्या जागेला काय म्हणतात, तिथं नैवेद्य ठेवतात का, कुठल्या दिवशी ठेवतात, ते पण लिहून घ्या. मग छत्रपती संभाजीनगरला राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे, केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ आहे, तिथं नाहीतर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागात कळवा, आणि एक प्रत तहसीलला देऊन पोच घ्या, म्हणजे उद्या त्या गटात मुरमाचा परवाना मागायला कुणी आलं तर कागदावर नोंद असेल.